पाठीवरची चिठ्ठी

पोराने दिवसभर काय केलं ते घरी कळावं म्हणून आमच्या बालवाडीच्या बाई खुंटीवरच्या स्वेटरांनाच चिठ्ठ्या टाचतात. पोरं धड उभी राहतात कुठे! काल एक चिठ्ठी चुकली. ‘आज तिघांना चावा घेतला’ ही बातमी पोहोचली तोंडातून ब्र न काढणाऱ्या पोरीच्या घरी.

आज सकाळीच पोरीला घेऊन तिची आई दारात हजर. बाई माफी मागायला पुढे झाल्या.

“बाई, आमची मुखदुर्बळ पोर शेवटी धीट झाली हो! घरात सगळ्यांनी केवढं कौतुक केलं तिचं!”

“अहो, ती चिठ्ठी दुसऱ्या…” म्हणत बाई पोरीचा गाल कुरवाळायला वाकल्या आणि किंचाळल्या. पोरीने त्यांचा कान कडकडून चावला होता.

आईने टाळ्या वाजवल्या.

“दुसऱ्या कोणाची असणार?” कान चोळत बाई म्हणाल्या. “हिचीच!”