आप्पा गेले तेव्हा मी मौनात होते

विपश्यनेच्या शिबिराला मी पहिल्यांदा गेले ते ताईच्या आग्रहाखातर. ताई माझी थोरली बहीण, मनमाडला दिलेली. मेहुणे अपघातात गेले तेव्हा ती पार कोलमडली होती. साधनेनं तिला पुन्हा उभं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे या बाबतीत ती सांगेल ते मी ऐकायचे.

त्या वर्षी आप्पा, म्हणजे आमचे वडील, आजारी होते. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून ते नाशिकला माझ्याचकडे असत. हृदय थकलं होतं. माझी शाळेतली नोकरी, त्यांची पथ्यं, दवाखाना, सगळ्यात मी चिडचिडी झाले होते. ताई म्हणाली, "दहा दिवस शिबिराला जा. मी येऊन राहते आप्पांजवळ."

"आणि काही झालं तर?"

"ऑफिसात फोन केला की ते लगेच निरोप देतात. मी सेवा दिलीय ना तिथे. तू निर्धास्त जा."

आप्पाही म्हणाले, "जा बाई. आल्यावर सांग मला, काय शिकवतात ते."

शिबिरात मोबाईल जमा केला, बोलणं बंद झालं. सुरुवातीला नुसता श्वास बघायचा. गुडघे ठणकत, मन घरी धावे. मग अंगावरची एकेक संवेदना बघायला शिकवलं. दुखलं तरी बघा, सुखावलं तरी बघा, येतं आणि जातं. अर्धं शिबिर सरलं असेल, एका सकाळी मला आप्पांची अशी काही काळजी वाटायला लागली की राहवेना. मी सेविकेला गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरून काही निरोप?"

ती ऑफिसात जाऊन विचारून आली. "काही नाही. सगळं ठीक असेल."

मी परत जाऊन बसले. त्या दुपारी छातीतली धडधड निवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आतून शांत वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं, तेही आनंदाचं.

शिबिर संपल्यावर मोबाईल हातात आला, तसा ताईला फोन लावला. "घरीच ये, मग बोलू," एवढंच म्हणाली. कॉलनीत शिरले तर शेजारच्या काकू दारातच होत्या. मला पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला. आत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आप्पांचा फोटो होता, हार घातलेला.

आप्पांना विहाराच्या लोकांनी खांदा दिला होता. मला ज्या दुपारी शांत वाटलं, त्याच दुपारी.

"फोन का नाही केलास?" मी विचारलं.

ताई मांडी घालून बसली होती. आवाज अगदी सपाट. "तू आली असतीस तरी ते थोडेच थांबणार होते? तुझी साधना मोडली असती. सगळं अनिच्च आहे, टिकणारं काही नाही. समतेनं, मन ढळू न देता बघ."

"माझी आठवण काढली त्यांनी?"

"नाही. झोपेतच गेले."

संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "दोन दिवस तुझंच नाव घेत होते गं. धाकटी आली का, धाकटी आली का. मी म्हटलं ताईला, बोलावून घे. तर त्यांच्यासमोरच म्हणाली, कळवलंय, निघालीय ती."

बाप तर एक दिवस जाणारच होता. पण माझी वाट बघत गेला, आणि ती मला तिथं डोळे मिटून बसू देत होती! मी ताईला त्याच दिवशी मनमाडच्या गाडीत बसवलं. आप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ती आली, पण मी बोलले नाही.

त्यानंतर साधनेला बसले की छातीत आग पेटायची. त्या दुपारची शांती आठवली की किळस यायची. शेवटी विहारात जाऊन भंतेजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "समता स्वतःच्या दुःखाकडे बघण्यासाठी असते. दुसऱ्याचं तोंड बंद करायला ती वापरली, तर तो धम्म नव्हे. तुम्हाला राग येतोय ना? तर रागच बघा. माफ करायची घाई करू नका."

मग मी रागच बघत राहिले. कधी तळवे जळायचे, कधी कानशिलं तापायची. थोडं ओसरायचं, परत यायचं. साधनेच्या शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायची, मैत्रीची वेळ आली की ताईपाशी अडायचे आणि तशीच उठायचे.

वर्षश्राद्ध आमच्यात करत नाहीत, पण आप्पांच्या स्मृतिदिनाला वंदना ठेवली होती. ताई आली. भांडी आवरताना एकदम म्हणाली, "साधना वगैरे काही नव्हतं. तुला कळवायला मोबाईल हातात घेतला होता मी. पण तू आली असतीस, रडली असतीस, आणि मला मेहुण्यांचं सगळं पुन्हा बघावं लागलं असतं. मला झेपलं नसतं."

मेहुणे म्हणजे तिचाच नवरा. मी म्हणायचे तसं ती म्हणून गेली. ती ओट्याला धरून रडायला लागली. मी जवळ गेले नाही, पण तिथून निघूनही गेले नाही.

"मला खरं आज सांगितलंस," मी म्हटलं. "पण आप्पांना तू खोटं सांगितलंस, मी निघालेय म्हणून. ते मी विसरणार नाही."

"नको विसरूस," ती म्हणाली.

आता आम्ही बोलतो, सणावारी जातो-येतो. साधनेचं मात्र तिनं मला पुन्हा कधी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी रोज पहाटे बसते. आप्पा दाराकडे बघत असलेले दिसतात, छातीत कळ येते. ती कळ जाईपर्यंत मी डोळे उघडत नाही. काही दिवस ती जातच नाही, आणि मला शाळेला उशीर होतो.