मधल्या खांबावरचे बूट

लेम्पी कॅलिओ आयुष्यात एकदाच भर सभेत बोलण्यासाठी उभी राहिली, आणि त्या दोन वाक्यांनीच तिचा घात केला.

सभा पुलाविषयी होती. आमच्या टिलर्स फोर्कच्या दरीवरून एके काळी लाकूडकंपनीची ओंडक्यांची गाडी धावत असे. जंगल संपले तेव्हा कंपनीने रूळ उपटून नेले. पूल नेण्याजोगा नव्हता, म्हणून तेवढा आमच्यासाठी मागे ठेवला. कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मग शहरातल्या लोकांना पायी चालण्याचा शोध लागला, समिती नेमली गेली, आणि गावापुढे प्रश्न आला: पूल पाडायचा, की त्यावरून सर्वांसाठी पायवाट काढायची?

"पाडू नका," लेम्पी म्हणाली. "वाट करा, पण मधल्या खांबावरचे बूट आहेत तसे राहू द्या."

समितीच्या अध्यक्ष कोरीन मॅडॉक्स यांचे डोळे भरून आले. त्यांचे डोळे सभेत नेहमीच भरून येत. "मिस कॅलिओ, त्या बुटांना आम्ही जिवापाड जपू!"

बूट लेम्पीच्या भावाचे, वेइक्कोचे होते. धावत्या गाडीच्या ओंडक्यांवरून पळत जाऊन डब्यांचे ब्रेक आवळणे हे त्याचे काम. एका नोव्हेंबरात ऐन पुलावर साखळी तुटली, ओंडके दरीत गेले, आणि त्यांच्याबरोबर वेइक्कोही. नदीला पूर होता. देह मिळाला नाही. त्याच्या टोळीने झोपडीतला त्याचा दुसरा जोड आणला आणि मधल्या खांबाच्या बाहेरच्या अंगाला एकाच खिळ्याने ठोकला.

लाकूडतोड्यांची ही जुनी रीत. न सापडलेल्या माणसाचे बूट तो गेला त्या जागी टांगायचे. पुढे त्यांना कोणी हात लावायचा नाही, की ते कोणाचे आणि का टांगले हे चारचौघांत बोलायचे नाही. जो बोलेल त्याची पाळी पुढची. ऊनपावसाने कातडे कुजेल, खिळा गंजेल, आणि ज्या दिवशी बूट आपल्या आपण नदीत पडतील, त्या दिवशी तो माणूस सुटला. तोवर तो कामावरच.

आमच्या फिनिश घरांत पुरून आल्यावर निरोपाची कॉफी होते. त्या दिवशी ठेवणीतले कप निघतात. वेइक्को गेला तेव्हा आईने कप फडताळातून काढले, पुसले, आणि परत ठेवले. "तो अजून कामावर आहे," ती म्हणाली. ती माउली वाट पाहत गेली. लेम्पी तेव्हा लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाकाला होती, आणि नदीच्या मुखाशी राहणाऱ्या एका कोळ्याशी तिचे लग्न ठरले होते. "भावाची कॉफी झाली की येते," असे तिने त्याला सांगितले. त्याने तीन वर्षे वाट पाहिली, आणि मग दुसरीकडे लग्न केले. त्याला बोल कसा लावावा? कंपनी त्या काळी माणसांपेक्षा खिळेच चांगल्या प्रतीचे घेत असे.

तो खिळा ठोकणारा ऑर्विल स्टेन्सरूड आता म्हातारा झाला होता. सभेच्या आदल्या हिवाळ्यात तो आणि लेम्पी नदीकाठी उभे होते.

"डोकं झिजलं बघ खिळ्याचं," ऑर्विल म्हणाला. "एक वादळ पुरे. कप पुसायला घे."

"तू जरा बेतानं ठोकला असतास तर केव्हाच पडले असते. एवढा खोल कोण ठोकतं रे?"

"वेइक्कोनं कधी कुठलं काम लवकर संपवलंय? तुमचं घराणंच चेंगट!"

लेम्पी हसली. त्या हिवाळ्यात तिने घर आवरले, पडदे धुतले. साठी उलटलेल्या बाईला आता एवढेच हवे होते: आपण जाण्यापूर्वी भावाची कॉफी व्हावी.

वसंतात कामगार आले. जुन्या रुळांखालचे सडके लाकडी स्लीपर निघाले, नव्या फळ्या बसल्या, दोन्ही बाजूंना जाळीचा कठडा झाला. काम चालू असेपर्यंत कोणाला पुलाजवळ फिरकू दिले नाही. उद्घाटनासाठी वेलचीचा पाव करण्याची विनंती लेम्पीला झाली, आणि तिने तो केला.

टोपली घेऊन ती पुलाच्या तोंडाशी पोहोचली, तेव्हा तिथे काचेची पेटी उभी होती. आत वेइक्कोचे बूट. तेल लावून चकचकीत केलेले, उसवलेली शिवण पुन्हा घातलेली, पितळी स्क्रूंनी फळीवर पक्के बसवलेले. खाली पाटी: 'एका अनाम लाकूडतोड्याचे बूट'.

"कसे वाटले?" कोरीनबाईंनी तिचा हात धरला. "तज्ज्ञ म्हणाले, आता शंभर वर्षं काही होणार नाही यांना."

खरे काय ते लेम्पीच्या ओठांपर्यंत आले होते. पण भोवती सगळे गाव जमले होते, आणि जो बोलेल त्याची पाळी पुढची. तिने फक्त टोपली टेबलावर ठेवली.

गावाने कागदी पेल्यांतून कॉफी घेतली आणि तिचा पाव खाल्ला. ऑर्विल तिच्याजवळ आला. "लेम्पी, समज हीच त्याची कॉफी. सगळं गाव आहे, तुझ्या हातचा पाव आहे. घे घोटभर."

"बूट अजून नदीत पडले नाहीत, ऑर्विल."

"मग सभेत नीट सांगायचं होतंस, बाई!"

"तू सांगितलं असतंस?"

लेम्पीने भरलेला पेला तसाच टेबलावर ठेवला आणि ती घरी गेली. त्या पायवाटेवर तिने पुन्हा पाऊल टाकले नाही.

चौथ्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या निरोपाच्या कॉफीला ठेवणीतले कप निघाले, ते आईनंतर प्रथमच. दुसऱ्या दिवशी ऑर्विलने रीत मोडली. समितीपुढे उभा राहून त्याने सगळे सांगितले: नाव, खिळा, नदी. "माझी पाळी तशीही जवळच आली आहे," तो म्हणाला. "स्क्रू काढा आणि त्यांना पुन्हा बाहेर टांगा."

कोरीनबाई रडल्या, मनापासून रडल्या. मग समितीने विचार केला. खाली लोक मासे धरतात, वरून काही पडणे धोक्याचे. शिवाय वस्तू आता सार्वजनिक मालकीची. पाटी मात्र तत्परतेने बदलली. तिच्यावर आता वेइक्को कॅलिओ हे पूर्ण नाव आहे.

दर वसंतात एक स्वयंसेवक येतो, पेटी उघडतो आणि बुटांना तेल लावतो.