वाटेतच असलेल्या डाक्टरीनबाई

खिल्लारे मॅडमना चहाचा वाससुद्धा खपत नसे; हिंगोली जिल्ह्यातल्या मेंढपाळांत मात्र त्यांची ओळख चहाबाज डाक्टरीनबाई अशी होती. दवाखान्याच्या मीटिंगमध्ये त्यांच्या वाट्याचा कप निमूट माझ्याकडे सरकायचा. मी तिथला रक्त तपासणारा. माझी ॲसिडिटी ही त्यांचीच देणगी.

मॅडम आखाडा बाळापूरच्या. शहरात साथीच्या रोगांचं मोठं शिक्षण घेऊन, तिथली चांगली नोकरी सोडून इकडे आल्या, तेव्हा काहीतरी भानगड असणार यावर आम्हा सगळ्यांचं एकमत झालं. भानगड एकच निघाली: मेंढपाळांचा ताप. येतो, उतरतो, पुन्हा येतो, कंबर धरते. जो तो टायफॉईड म्हणून सलाईन लावून मोकळा व्हायचा. मॅडमनी नीट रक्त तपासायला लावलं, तर तो शेळ्यामेंढ्यांपासून, त्यांच्या कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेलोसिस निघाला. त्यावर गोळ्या दीड महिना घ्याव्या लागतात, आणि दवाखान्याची पुढची तारीख येईस्तोवर सिद्धेश्वरचा रोगी पुसेगावला पोचलेला असे. "माणूस फिरता हाय, तर दवाखाना काहून बसून राहिला?" असं म्हणून मॅडम मला जीपमध्ये बसवायच्या. माझे रविवार असे गेले. कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवलीत हे त्या शेतकऱ्यांना फोन करून विचारायच्या. लोकांना वाटायचं, बाईंना खत पाहिजे.

मेंढपाळांच्या पहिल्याच तळावर पार फजिती झाली. पाहुण्याला धार काढल्याबरोबरचं कोमट दूध द्यायची त्यांच्यात रीत. मॅडमनी ते नाकारलं आणि वर भाषण दिलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन गेलो, तर तळ उठलेला, शेतात नुसत्या लेंड्या. तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये चहापत्ती आणि साखर आली. "मला चहाबिगर तकलीफ होते," असं त्या सांगायच्या. चहा म्हटलं की दूध उकळणं आलंच, शिवाय कुणाचा मानही दुखावत नव्हता. नाक न मुरडता त्या तो प्यायच्या, याचं मला अजून नवल वाटतं.

गिरजाबाईच्या तळावर हा डाव अडला. तिची सून रुक्मिण. पहिलं लेकरू पोटातच गेलेलं, आता पुन्हा दिवस गेलेले आणि अंगात गर्भ पाडणारा हाच ताप. गोळ्या सुरू केल्या. पण गिरजाबाई आमच्या चहापुरतंच दूध उकळायची आणि सुनेच्या हातात कच्च्या दुधाचा तांब्या द्यायची. उकळलं की दुधातली ताकद जाते, ही तिची पक्की समजूत. मॅडमचं सगळं बोलणं ती मान डोलवत ऐकायची आणि तांब्या पुन्हा भरायची. परतताना हेही लेकरू जातंय की काय, या धास्तीनं मला रविवारची कुरकुर सुचली नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी गिरजाबाईला फोन लावला. "आज्जी, मी येऊन राहिले. संगं पाव्हणे हायत. समदं दूध उकळून ठेवा." एवढं बोलून त्या कोट चढवून वॉर्डात गेल्या. उकळलेलं दूध काही परत कच्चं होत नाही. पाहुणे आले नाहीत की ते सुनेच्याच पोटात जाणार. मग रोज तेच. कधी गाडी पंक्चर व्हायची, कधी मोठे साहेब यायचे. सबबी संपल्यावर त्यांनी माझ्या सासूलाही आजारी पाडलं. संशय नको म्हणून अधूनमधून आम्ही खरंच जायचो.

रुक्मिणला मुलगी झाली, चांगली टणटणीत. बघायला गेलो, तर गिरजाबाईनं मॅडमपुढं तांब्याभर चहा ठेवला आणि म्हणाली, "तुमी येत न्हाईत, हे मला दुसऱ्याच रोजी कळलं व्हतं."

मग दूध काहून उकळत होता, असं मॅडमनी विचारलं.

"माझ्या सुनेपायी कुणी रोज सकाळी उठून इतकं खोटं बोलून राहिलं, तर माणसानं काय करावं?"

मॅडमनी मान खाली घालून अख्खा तांब्या रिकामा केला. मला घोटभरही दिला नाही.

आता त्यांची बदली झाली, लांब गेल्या. माझे रविवार मोकळे झाले आणि मला करमेनासं झालं. परवा सकाळी गिरजाबाईच्या तळावर रक्त घ्यायला गेलो, तर चुलीवर दुधाचं भगुनं होतं, रुक्मिणची मुलगी शेळीच्या मागं पळत होती आणि गिरजाबाई स्पीकर लावून फोनवर होती.

"दूध उकळून ठेवलंय. येऊन राहिल्या नव्हं?"

"वाटेतच हाय, आज्जी," पलीकडून मॅडम म्हणाल्या.