तुझे हात सलामत

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात, कोर्टासमोर अबू निझारचं अर्ज टाइप करून देण्याचं दुकान आहे. माझी कॉफीची टपरी त्याला लागूनच, मधे फक्त काच. त्या काचेतून मी इंतिसारला वर्षानुवर्षं पाहिलं.

लहानपणी बस उलटली तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्यापासून मेलेला. बंद पडलेलं घड्याळ ठेवावं तसा तो ती कोटाच्या खिशात ठेवायची. डाव्या हाताने टाइप करायची. कीबोर्ड तिरका, डावीकडे ओढलेला. दोन कळा एकदम दाबायची वेळ येऊ नये म्हणून आधी दाबलेली कळ धरून राहील, अशी सोय तिने कॉम्प्युटरमध्ये केली होती. आणि अर्जांतली तीच ती वाक्यं तिने दोन-दोन अक्षरांत कोंबली होती. अक्षरं दाबली की आख्खी ओळ पडद्यावर सांडायची. लोक पिढ्यानपिढ्या एकाच शब्दांत रडतात; तिने त्या रडण्याचे तुकडे पाडून ठेवले होते.

कागद मात्र तिने द्यायचा नाही. "डाव्या हाताने देतेस? माझा अर्ज फेटाळायचाय का तुला?" असं एक म्हातारी ओरडली, त्या दिवसापासून अबू निझार स्वतः उठायचा, प्रिंटरमधून कागद काढून उजव्या हाताने द्यायचा. गिऱ्हाईक त्यालाच म्हणायचं, "तुझे हात सलामत राहोत!" आमच्याकडे आभार असेच मानतात. "तुझेही राहोत," तो म्हणायचा.

मी एकदा तिच्यापुढे कॉफी ठेवत म्हटलं, "राबतो तुझा हात, आणि सलामती त्याच्या हाताला."

"घेऊ दे, अबू रियाद. मला खुर्ची पुरे."

मग अबू निझारने भाची आणली, लमीस. "हिला तुझी ती अक्षरं शिकव गं." इंतिसारने सगळी शिकवली. लमीसच्या दोन्ही हातांची बोटं कीबोर्डवर पळायला लागली. "मावशी, हा तर पोरखेळ आहे!"

"दोन खुर्च्या परवडत नाहीत, बेटा," महिनाअखेर अबू निझार म्हणाला. "आणि हिला कागदही देता येतो."

इतर दुकानांत ती काम मागायला गेली की लोक आधी तिची बाही पाहायचे, मग मान हलवायचे. शेवटी सरकारी मदतीचा अर्ज तेवढा उरला. तो करायला ती इथेच आली. का, ते मी विचारलं नाही.

"कारण काय लिहू, मावशी?"

"ऐन, जीम."

लमीसने दोन अक्षरं दाबली. ओळ सांडली: अर्जदार अपंगत्वामुळे कोणतेही काम करण्यास असमर्थ आहे. तिची बोटं थांबली.

"मावशी, हे तर..."

"माझंच वाक्य आहे. पुढे चल."

कागद निघाला. लमीस जागची हलेना. सवयीने अबू निझारच उठला आणि त्याने तो उजव्या हाताने पुढे केला. इंतिसारने डाव्याने घेतला.

"तुझे हात सलामत राहोत, अबू निझार."

"तुझेही..." त्याने सुरुवात केली. मग त्याची नजर तिच्या कोटाच्या खिशावर गेली.