डोमाजीकाकांचा वाघ

मोहाडीत डोमाजीकाकांचं शिवणकामाचं दुकान होतं. दाराशी पावलं वाजली की मशीनवरून मान वर न करता ते विचारत, "कोण आलं?" मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, "मी."

"मी तं सगळेच असतेत, बाई. कोण?"

मी वहीतलं चित्र पुढे केलं. दोन पायांवर उभा, जॅकेट घातलेला कोल्हा. इंटरनेटवर आम्हांला फरी म्हणतात. माणसांसारखे वागणारे प्राणी आम्हांला आवडतात, बरेच जण स्वतःसाठी एक प्राणी ठरवतात. माझा कोल्हा सहावीपासूनचा. घरी कुणालाच ठाऊक नव्हता. काका दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाचात वाघ व्हायचे. वाघाचं डोकं त्यांनी स्वतः शिवलं होतं. तसं डोकं असल्याशिवाय आपण खऱ्या फरी नाही, असं मला वाटायचं, म्हणून कोल्ह्याचं डोकं शिवून मागायला आले होते.

ते हसले नाहीत. "सहावीपासून कोल्हा हायेस, मंग मी शिवून काय नवीन करून राहिलो? बरं, कान केवढे पाहिजेत?"

बाकावरचं गिऱ्हाईक म्हणालं, "आमचा शर्ट राहिला अन् कोल्ह्याचे कान!"

"शर्टवाले लय हायेत, बाप्पा."

कापड कापून झालं. त्याच उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेल्या शेजारच्या सुमनबाईंना वाघानं मारलं. काकांनी कोल्ह्याला सुई लावलीच नाही. मंडईच्या आधी सुमनबाईंचा मुलगा दुकानात आला. "काका, यंदा वाघ नोको. मले पाहवत नाही." काकांनी खुंटीवरचं डोकं काढून त्याच्या हाती दिलं. त्यानं ते दुकानामागे जाळलं. वास जाईपर्यंत काका तिथेच उभे होते.

"आता तुम्ही वाघ नाही?" मी विचारलं.

"डोकं जळलं. वाघ कुठं जाईन? पण सुमनच्या पोरासमोर म्हणू कसा?"

मी तर कुणासमोरच कधी म्हटलं नव्हतं.

थंडीत त्यांना लकवा मारला. आईबरोबर भेटायला गेले. खाटेभोवती काकू, शेजारी. काकांचं तोंड वाकडं झालं होतं, डोळे मिटलेले. आमची पावलं वाजली तसे ओठ हलले. "कोण... आलं?"

आई काही बोलायच्या आत मी म्हटलं, "कोल्हा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी चांगला हात चादरीवरून उचलला, बोटं पंजासारखी वळवली आणि दमून खाली टाकला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

कापलेलं कापड काकूंनी मला दिलं. ते मी कुणाकडून शिवून घेतलं नाही.