मामींची वरची मूठ

जगातल्या सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी आपले टेस्टर घरी बसवावेत आणि माझ्या बायकोच्या मामींना कामावर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मामी धाकट्या डहाणूच्या. सुक्या बोंबलाची नि जवळ्याची पाटी घेऊन तलासरीच्या आठवडी बाजारात बसण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकाशी मराठीत भांडायचं, गुजरातीत समेट करायचा आणि वारलीत त्याच्या घरची खबर घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी एसटीची पायरी बंद केली. इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं आता दुसरीकडे जाणार, या काळजीनं मामी नीट जेवेनात. तेव्हा घरातला एकुलता एक सॉफ्टवेअरवाला जावई म्हणून मी छाती फुगवून म्हणालो, "मामी, तुम्हाला ॲप करून देतो. घरबसल्या ऑर्डर घ्या."

पहिला नमुना त्यांच्या हातात दिला आणि माझे हाल सुरू झाले. मामींची प्रत्येक सूचना "जावई, रागवू नका हां" अशी सुरू होते आणि तिच्या शेवटापर्यंत माणूस रागावलेला असतो. पहिल्याच पानावरचा बोंबलाचा फोटो त्यांनी लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "जावई, रागवू नका हां, पन हा सुकलेला नाय, आजारी हाय." फोटो मी इंटरनेटवरून उचलला होता. दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांनी मला बोंबील वाळत घातलेल्या बांबूंपाशी उभं करून चाळीसेक फोटो काढायला लावले आणि त्यातला एक पास केला. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो, हे मी तीनदा बजावलं होतं. संध्याकाळपर्यंत तो आळीतल्या सात बायकांना पाठ झाला होता. "मी इसरले तर कोनाला तरी ठाऊक हवा ना!" आमच्या ऑफिसात यालाच बॅकअप म्हणतात.

खरी गाडी अडली ती वजनावर. मी पाव किलो, अर्धा किलो असे रकाने केले होते. मामी विकतात वाटे, आणि प्रत्येक वाट्यावर वरची एक मूठ. ती गिऱ्हाइकानं मागायची नसते आणि मामींनी विसरायची नसते. घासाघीस कितीही कडाक्याची होवो, वर मूठ पडली नाही तर बाई दुखावते. शिवाय मूठ सगळ्यांना सारखी नाही. आजाऱ्याच्या घरी मोठी, भांडखोर बाईला त्याहून मोठी, म्हणजे ती लवकर निघते. "जावई, रागवू नका हां, ह्याच्यात वर घालायला जागाच नाय! असा कोरडा माल देऊन मी तोंड कसं दाखवू?" मी निमूटपणे 'मूठ' नावाचं बटण जोडलं. पुढच्या चाचणीत एका बाईच्या वाट्यावर अकरा मुठी पडल्या. बटण अडकलं असावं म्हणून मी फोन मागितला, तर मामींनी तो पदराखाली घेतला. "अडकलं नाय. तिची सून पोटुशी हाय."

असं करत सातवा नमुना एकदाचा त्यांना पसंत पडला. माल टेम्पोनं तलासरीला जाऊ लागला. ज्यांना लिहायचा कंटाळा, त्यांच्यासाठी बोलून ऑर्डर द्यायची सोय मी केली होती. पहिल्या आठवड्याच्या ऑर्डरी मोठ्या अभिमानानं मामींना ऐकवायला बसलो. पहिलाच आवाज आला, "मावशी, बोंबील मागून सांगते. तुझा गुडघा कसा हाय? आमी घर नवा बांधला. तू कदी येशील बघाया?" पुढची बाई बाजारातली मामींची जागा अजून कशी रिकामी आहे ते सांगत होती आणि जवळा मागायचं विसरूनच गेली होती. मामींनी दोन्ही निरोप पुन्हा पुन्हा लावले.

"ॲप बेस झालाय, जावई," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक एक पन गेला नाय." मग म्हणाल्या, "मीच गेले त्यांच्यातून."

मला फार वाईट वाटलं. मामींनी फोन बाजूला ठेवला आणि जवळा निवडायला घेतला. मीही समोर बसून निवडू लागलो.