चार रंगांत बसवलेलं लग्न

माझ्या भाचीने मला माइंड मॅपचं सॉफ्टवेअर शिकवलं, ही तिच्या हातून झालेली गंभीर चूक होती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या हाती नवं खेळणं देऊ नये, आणि तो माणूस हौशी नाटकांत काम करणारा असेल तर मुळीच देऊ नये.

मध्ये एक विषय लिहायचा, त्याला फांद्या फोडायच्या, फांद्यांना आणखी फांद्या. प्रत्येक टोकाला एक चौकट, तिला नोड म्हणायचं. इथवर मी जांभया देत होतो. मग ती म्हणाली, "मामा, प्रत्येक नोडला स्टाईल पण देता येते." तिने एका चौकटीवर क्लिक केलं आणि बाजूला एक पट्टी उघडली: आकार, कडा, आतला रंग, अक्षराचं वळण. चौकटीचा ढग झाला. ढगाला तुटक रेघांची किनार आली. किनार जाड झाली, बारीक झाली, केशरी झाली. मी खुर्चीत सरसावून बसलो. हा तर मेकअपचा पेटारा होता! आणि कहर म्हणजे, एकदा जमवलेला वेष नाव देऊन ठेवता येत होता. पुढे तो कुणाच्याही अंगावर एका क्लिकमध्ये चढवायचा. आमच्या नाटकाच्या कपडेपटात अशी सोय असती तर राजाच्या भूमिकेत शिपायाचा कोट घालून मी दरबारात उभा राहिलो नसतो.

थोड्याच दिवसांत त्याच भाचीचं लग्न ठरलं. तिची आई, म्हणजे माझी अक्का, पाहुण्यांच्या याद्यांनी बेजार झाली होती. नवरदेवाकडचे माळशिरसचे, आमचे अर्धे सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर वस्तीतले, उरलेले करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत विखुरलेले. मी छाती पुढे काढून म्हणालो, "यादी माझ्याकडे दे. सगळं लग्न एका चित्रात बसवून देतो."

अक्का म्हणाली, "चित्र काढ नाहीतर पोवाडा गा. फक्त अण्णाचं काय ते सांग मला."

अण्णा आमचा सगळ्यांत थोरला भाऊ. आमच्याकडे मुलीला मांडवात आणायचा मान थोरल्या मामाचा. आणि दीड वर्षापूर्वी अक्काने नव्या घराच्या वास्तुशांतीचं बोलावणं अण्णांना मोबाईलवर पाठवलं होतं. फुलांच्या चित्रासकट. आमच्याकडे अक्षत घेऊन घरी जातात. सख्ख्या भावाच्या घरी तर बहीण स्वतः जाते. अण्णा वास्तुशांतीला आले नाहीत, भांडले नाहीत, काही बोललेच नाहीत. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. जाऊन बोलाव म्हटलं की अक्का म्हणायची, "जाईन की. पण मी गेले आणि ते नाही म्हणाले तर? मग पोरीला मांडवात कोण आणेल?"

"मी आहे ना, धाकटा मामा," मी म्हणालो.

"तू?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तिला हात धरून आणशील आणि मध्येच थांबून लोकांना नमस्कार करशील."

यात तथ्य होतं, म्हणून मी सॉफ्टवेअर उघडून पाहुण्यांचा नकाशा करायला घेतला. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. मंगळवेढ्याच्या आत्याला लांबोळकी चौकट दिली, कारण ती बोलायला लागली की संपत नाही. जेवणात खोट काढणाऱ्यांना टोकदार षटकोन. फोटोत पुढे घुसणाऱ्यांना चमकता गुलाबी. मग एक खास वेष तयार केला: फुगलेला ढग, लाल तुटक किनार, आत फिकट जांभळा. त्या स्टाईलला नाव दिलं, 'फुगणारे'. अण्णांच्या नोडवर ती चढवली तेव्हा मी एकटाच खोलीत हसत होतो. नाटकाच्या पत्रकात पात्रपरिचय असतो तसा, कुठला वेष म्हणजे काय, याचा तक्ताही हौसेने कोपऱ्यात लावला.

हे सगळं भाचीला दाखवायचं म्हणून मी चित्र पाठवलं आणि ते चुकून घरच्या ग्रुपवर गेलं. मला कळलं तेव्हा मंगळवेढ्याच्या आत्याचा फोन वाजत होता. ती बोलायला लागली आणि अर्थातच संपेना. तिचा फोन ठेवून ग्रुप उघडला तर काका, मावश्या, चुलतभाऊ, सगळे आपापली चौकट शोधत होते. "मी गुलाबी का?" "अरे, ह्यो षटकोन कोन हाय? लई बरोबर काढलाय!" अण्णा ग्रुपवर कधी बोलत नसत. पण त्यांनी पाहिल्याची खूण समोर दिसत होती.

अक्काला कळलं तेव्हा ती रागावलीच नाही, हे जास्त वाईट. पदर तोंडाशी धरून एवढंच म्हणाली, "झालं. आता ते येत नाहीत."

रविवारी सकाळी मी अक्काकडे माफीच्या तयारीने बसलो असताना बाहेर स्कूटर थांबली. अण्णा आत आले. अक्का उठली, क्षणभर उभी राहिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्यासमोर बसले.

"काय बे," ते म्हणाले, "मला फुगणारा म्हणालास. म्हण. साठी उलटली, फुगायचा हक्क आहे मला. पण माझा नातू सहा महिन्यांचा आहे. तो कधी फुगला रे?"

मी नकाशा मोठा करून पाहिला. अण्णांच्या फांदीवर मी स्टाईल चढवली होती आणि सॉफ्टवेअरने ती खाली सगळ्यांना आपोआप वाटून दिली होती. दोन्ही मुलं, दोन्ही सुना, चार नातवंडं, सगळे फुगलेले, लाल किनारीचे. कडेवरच्या तान्ह्यासकट.

"अण्णा, ते वरून खाली आपोआप उतरतं," मी म्हणालो.

"एवढं कळतं मला. नक्षीचं एक कार्ड चुकलं की अख्ख्या चादरीत चूक उतरते. म्हणून आधी कार्ड बघतात, मग माग चालू करतात." त्यांनी चष्मा पुसला. "आणि रंग किती लावलेत? मी अकरा मोजले. अकरा! ही काय चादर आहे की जत्रा?"

इथे सांगायला हवं की अण्णांची चाळीस वर्षं चादरींची नक्षी काढण्यात गेली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन ब्रशने भरायचा. त्या कागदावरून जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची आणि ती कार्डं जेकॉर्डच्या मागावर चढली की मोर, वेली, कमळं धाग्यांत उतरायची. लहानपणी मी त्यांच्या मागे उभा राहून बघायचो. एका मोराला त्यांना आठवडा लागायचा आणि त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

"सरक," अण्णा म्हणाले. भाचीने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. माउस धरायला त्यांना दहा मिनिटं लागली. पुढे जे झालं त्याला मी टाळ्याच वाजवणार होतो.

आधी त्यांनी माझे सगळे वेष उतरवले. आत्याची लांबोळकी चौकट गेली, षटकोन गेले, चमकता गुलाबी गेला. प्रत्येक वेळी मी कळवळून "अहो, ते राहू द्या की" म्हणायचो आणि ते "गप" म्हणायचे. सगळा नकाशा नुसत्या पांढऱ्या चौकटींचा झाला.

"आमचा माग चार धोट्यांचा," ते भाचीला म्हणाले. "एका धोट्यात एका रंगाचं सूत, म्हणजे चार धोटे, चार रंग. काळं अक्षर मोजायचं नाही, तो ताणा, उभं सूत. आता सांग, बघणाऱ्याला काय कळायला पाहिजे?"

"कुणाला अक्षत दिली, कुणाला राहिली," भाची म्हणाली. "कोण मुक्कामाला येणार. आणि कुणाकडे कसलं काम."

"मग आतला रंग अक्षतीचा. पांढरा म्हणजे राहिली, हिरवा म्हणजे दिली. किनार वेगळी. पिवळी किनार मुक्कामाची, निळी कामाची. झाले चार. एकाच्या अंगात दुसरा घुसत नाही. आणि आकार सगळ्यांना एकच, कारण पाहुणे सगळे सारखे." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

भाचीने त्यांना आणखी एक गंमत दाखवली. स्टाईलला अट घालता येते: नोडवर बरोबरची खूण केली की तो आपोआप हिरवा होईल. अण्णांनी एक खूण करून पाहिली, पुसून पाहिली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे खूण हे भोक, आणि रंग हा धागा. भोक असलं की धागा वर." त्यांचा चेहरा असा उजळला की मला चौथीतल्या मुलाची आठवण झाली. "कुणी केलं गं हे? हुशार माणूस आहे."

मग त्यांनी हिरवाच दहा वेळा बदलला. पहिला फार भडक, दुसरा शेवाळी, तिसऱ्यावर अक्षर वाचता येईना. गंमत अशी की स्टाईलमध्ये एकदा बदलला की नकाशाभर सगळे हिरवे एकदम बदलत. दर वेळी अण्णा मागे रेलून डोळे बारीक करून बघत, ग्राफकडे बघायचे तसेच. दहावा हिरवा कोवळ्या कडुनिंबाच्या पानाचा होता. तो लागला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चित्र आणि नकाशा यांत काय फरक असतो. माझ्या चित्राकडे बघून हसू यायचं. अण्णांच्या नकाशाकडे लांबून एक नजर टाकली की आज कुणाकडे जायचं राहिलंय ते समजायचं. मी चार दिवस लोकांना कपडे घातले होते. त्यांनी दोन तासांत तेच लोक बघणाऱ्यासाठी मांडले. मी मनात त्यांना साष्टांग घातला. उघड घातला असता, पण गुडघा धरतो.

अक्षत दिलेल्यांना भाची खुणा करत गेली. करमाळ्याची फांदी हिरवी झाली, अक्कलकोटची झाली, मंगळवेढ्याची झाली. शेवटी सगळ्या हिरव्यात एकच फांदी पांढरी उरली. अण्णा, त्यांची मुलं, सुना, नातवंडं. लपवायला जागाच नव्हती. त्यांनीच नक्षी इतकी चोख बसवली होती.

भाचीचं बोट खुणेकडे गेलं. अण्णांनी तिचा हात अलगद बाजूला केला. "दिल्याशिवाय हिरवं होत नाही, बाळ."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबलेला होता. मी मान वळवली तर अक्का आमच्या मागेच उभी होती. किती वेळ, देव जाणे. ती त्या पांढऱ्या फांदीकडे बघत होती. ती आत गेली आणि हळदकुंकवाचं ताट, अक्षतीची वाटी आणि पत्रिका घेऊन आली. "अण्णा," ती म्हणाली. तिने ताट पुढे केलं. "घ्या."

अण्णा उठले. वाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "इथं नको," ते म्हणाले. "अक्षत घरी येऊन द्यायची असते."

"येते की. आत्ता येते. रिक्षा बघते."

"रिक्षा कशाला? स्कूटर आहे की."

आणि मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं: आपल्याच घरी आमंत्रण घेऊन येणाऱ्या बाईला अण्णा स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन निघाले. अक्का एका हाताने ताट सांभाळत होती, दुसऱ्या हाताने भावाचा खांदा धरून. मी आणि भाची बाईकवर मागे. भर बारा वाजताच्या उन्हात अण्णा बैलगाडीच्या वेगाने जात होते, प्रत्येक खड्ड्याआधी थांबत, कारण मागच्या ताटात तांदूळ होते.

घरापाशी अण्णांनी स्कूटर लावली. अक्का पाठोपाठ निघाली तेव्हा वळून म्हणाले, "तू थांब." ते एकटे आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

अक्का पायरीवर उभी राहिली. तिने पदर नीट केला आणि कडी वाजवली.

आतून आवाज आला, "एवरु?" कोण आहे, असं तेलुगूत. आमच्या घरात रागाची भाषा मराठी, लाडाची तेलुगू. दीड वर्षात अण्णांच्या तोंडून बहिणीसाठी तेलुगू निघाली नव्हती.

"नेनु, अण्णा," अक्का म्हणाली. मी आहे. "तुमची चेल्ली." धाकटी बहीण. "पोरीच्या लग्नाला बोलवायला आले."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं तेव्हा अण्णांनी घाईघाईत नवा सदरा चढवलेला होता, आणि त्याचं वरचं बटण लागलेलं नव्हतं. त्यांच्यामागे वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. अक्काने अक्षत त्यांच्या ओंजळीत घातली आणि विचारलं, "येणार ना? तिला मांडवात आणायला?"

"किती वाजता निघायचं ते सांग," अण्णा म्हणाले, "आणि आता आत ये, ऊन लागतंय."